बंदुकीची तिजोरी
परवान्याने बाळगलेले अग्निशस्त्र घरात कुलूपबंद ठेवण्यासाठी वापरण्यात येणारे पोलादी कपाट अथवा पेटी. पैसा व दागिने यांसाठी असलेली तिजोरी बाहेरच्या चोराला अडविण्यासाठी असते. बंदुकीच्या तिजोरीचे पहिले काम मात्र घरातल्याच माणसांपासून शस्त्र दूर ठेवणे हे आहे. मुलांचे कुतूहल, भांडणाच्या भरातील राग आणि निराशेचा एखादा क्षण हे धोके घरफोडीपेक्षा घराच्या अधिक जवळ असतात. म्हणून तिजोरीची पारख पत्र्याच्या जाडीने जितकी होते, तितकीच तिची किल्ली कोणाच्या हाती राहते यावरून होते. प्रथमच शस्त्र घेणाऱ्या कुटुंबाने कोणत्या कसोट्या लावाव्यात, याचे विवेचन येथे मुख्यतः बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याच्या संदर्भात केले आहे.

ऐतिहासिक आढावा : किल्लेकोटांच्या काळी शस्त्रे शस्त्रागारात पहाऱ्याखाली असत, घरोघरी ती खुंटीवर किंवा भिंतीवर टांगलेली दिसत. ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी व टोपी ही वेगवेगळी घालावी लागत असल्यामुळे टांगलेली रिकामी बंदूक लगेच उडविता येत नसे. एकोणिसाव्या शतकात तयार काडतुसे आली आणि बंदूक भरण्याचे काम काही सेकंदांवर आले. त्यामुळे उघड्यावर टांगलेले शस्त्र पूर्वीपेक्षा कितीतरी धोकादायक ठरले. याच शतकात कुलपे व तिजोऱ्या यांतही सुधारणा झाल्या. इंग्लंडमध्ये चब बंधूंनी १८१८ मध्ये, कोणी चुकीच्या किल्लीने उघडण्याचा प्रयत्न केल्यास ते दर्शविणारे कुलूप तयार केले. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा व १९०२ मध्ये तिजोऱ्यांचा उद्योग सुरू केला. त्यांच्या कंपनीच्या पोलादी कपाटामुळे ‘गोदरेजचे कपाट’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत रूढ झाला. पुष्कळ परवानाधारक याच कपाटात कपडे व कागदपत्रे यांच्याबरोबर बंदूकही ठेवतात. परंतु दिवसातून अनेकदा उघडले जाणारे कपाट या कामास योग्य नाही.

कायद्याची चौकट : भारतात अग्निशस्त्र बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. सर्वसाधारणपणे अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये दोन नेहमीच्या गरजांचा स्वतंत्र उल्लेख आहे : संरक्षण अथवा क्रीडा यांसाठी किमान २० इंच लांब नळीची गुळगुळीत नळीची बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जदाराला शस्त्राचा सुरक्षित वापर व साठवण यांविषयी हमी द्यावी लागते. म्हणजे साठवणीची व्यवस्था हा शस्त्र घरी आल्यानंतर सुचणारा विचार नसून अर्जाचाच भाग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणण्यात आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे करण्यात आली. घरगुती तिजोरीचे आकारमान ठरविताना हे लक्षात घ्यावे; परदेशी जाहिरातींतील दहा-वीस बंदुकांच्या कपाटांची येथे गरज पडत नाही.

परवाना व्यक्तीला मिळतो, कुटुंबाला नव्हे. पती किंवा पित्याच्या नावावरील बंदूक पत्नीने वा मुलाने आपलीच मानून वापरणे कायद्याला मान्य नाही. परवान्याच्या अटींचा भंग हा अधिनियमाच्या कलम ३० खाली शिक्षापात्र अपराध आहे. शस्त्र हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास विनाविलंब पोलिसांना कळवावे लागते. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास अथवा परवाना संपुष्टात आल्यास शस्त्र घरी न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाचे असते.

संग्रामपूर तालुक्यातील परिस्थिती : हा तालुका बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा सपाट प्रदेश आणि पूर्वेकडे वान नदीचे खोरे आहे. डोंगराच्या बाजूस मेळघाट व्याघ्र प्रकल्पाशी संलग्न असे अंबाबरवा अभयारण्य असून त्याचे क्षेत्र सु. १२७ चौ. किमी. आहे. कापूस, तूर, सोयाबीन यांची शेती आणि सोनाळ्याच्या बाजूस फळबागा यांना रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांचा उपद्रव होतो. त्यामुळे रात्री राखणीला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात बंदुकीचा विचार येणे स्वाभाविक आहे. परवान्याचा अर्ज बुलढाणा येथील जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो व त्यावर पोलिसांचा अहवाल मागविला जातो. तालुक्यात तामगाव व सोनाळा येथे पोलीस ठाणी आहेत.

अभयारण्याच्या सान्निध्यामुळे येथे आणखी एक कायदा लागू होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात व त्याच्या सभोवती १० किमी. अंतरात राहणाऱ्या परवानाधारकांच्या नोंदणीची तरतूद असून, या पट्ट्यात नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची सहमती आवश्यक असते. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागते. कुलूपबंद साठवणीचा संबंध येथेही पोहोचतो, कारण कोणी गुपचूप काढून नेलेल्या बंदुकीने वन्यप्राणी मारला गेला, तर चौकशीचा पहिला रोख परवानाधारकावर येतो.

आकार व प्रकार : प्रथम शस्त्राची लांबी मोजावी व मगच तिजोरी पाहावी. बारा बोअरची दुनळी बंदूक जोडलेल्या स्थितीत सु. ११५ सेंमी. लांब असते. तिची नळी, पुढील लाकूड व दस्ता हे तीन भाग हत्याराविना सुटे होतात, आणि तशी ठेवल्यास सु. ८० सेंमी. उंचीचे कपाटही पुरते. सुटी ठेवलेली बंदूक चटकन वापरता येत नाही, हा आणखी एक लाभ होय. ठासणीची बंदूक पुष्कळदा याहून लांब असते व तिचे भाग सहज सुटत नाहीत. तिच्यासाठी उंच कपाटच लागते. बंदुकीला दुर्बीण किंवा पट्टा असल्यास रुंदीतही सवड ठेवावी. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल यांसाठी लहान पेट्या मिळतात. त्या हलक्या असल्यामुळे जमिनीला किंवा भिंतीला पक्क्या न बसविल्यास चोर पेटीसकट शस्त्र नेतो.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला, पातळ पत्र्याचे शस्त्र-कपाट : हे मुलांना व हाताळू पाहणाऱ्या पाहुण्यांना अडविते, पहारीपुढे मात्र टिकत नाही. दुसरा, जाड पत्र्याची व अनेक अडसरांची तिजोरी : ही घरफोड्याला बराच वेळ अडकवून ठेवते. तिसरा, अग्निरोधक थर असलेली वजनदार तिजोरी : ही महाग असते व कच्च्या जमिनीवर बसविता येत नाही. एका बंदुकीच्या शेतकरी कुटुंबाला बहुधा पहिल्या व दुसऱ्या प्रकारांच्या मधले, पण पक्के बसविलेले कपाट पुरते.

पत्रा व बांधणी : नेहमीच्या कपड्यांच्या कपाटाचा पत्रा सु. १ मिमी. किंवा त्याहून कमी जाडीचा असतो व तो साध्या पहारीने वाकतो. ब्रिटनमध्ये शस्त्र-कपाटांसाठी बीएस ७५५८ हे मानक असून तेथे किमान २ मिमी. पत्रा अपेक्षित असतो. भारतात सर्वसाधारण तिजोऱ्यांसाठी भारतीय मानक ५५० आहे. खामगाव, अकोला यांसारख्या शहरांतील कारागिरांकडून कपाट करवून घ्यावयाचे असल्यास ३ मिमी. पत्रा मागावा. दाराच्या कडा चौकटीच्या आत बसाव्यात, म्हणजे फटीत पहार शिरत नाही. बिजागऱ्या बाहेर असल्यास त्या कापल्यावर दार निघून येते. म्हणून बिजागरीच्या बाजूलाही आतून स्थिर अडसर असावेत. वेल्डिंग तुटक ठिपक्यांचे नसून सलग असावे.

वजनाविषयी पुष्कळदा गैरसमज असतो. १५० सेंमी. उंच, ३५ सेंमी. रुंद व ३० सेंमी. खोल अशा पेटीचे एकूण पृष्ठफळ २·१६ चौ. मी. भरते. ३ मिमी. पत्र्यात तिचे वजन सु. ५१ किग्रॅ. होते, म्हणजे ती दोन माणसे सहज उचलतील. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांत १५० किग्रॅ. पेक्षा हलके रिकामे कपाट इमारतीला जखडणे बंधनकारक आहे, ते याच कारणाने. घरगुती कपाटाची सुरक्षितता बव्हंशी त्याच्या बोल्टांवर अवलंबून असते.

जागा व बसवणी : कपाट खोलीच्या कोपऱ्यात असे बसवावे की, दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे पहार लावायला जागा राहणार नाही. ते बाहेरच्या ओट्यावरून, खिडकीतून किंवा बैठकीतून दिसू नये. सिमेंट-काँक्रीटच्या जमिनीत किमान चार बोल्ट घालावेत. विटांच्या भिंतीत बोल्ट विटेच्या मध्यभागी यावा, सांध्यात नव्हे. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. अशा घरात जमीन खणून काँक्रीटचा ठोकळा ओतावा, ओततानाच त्यात बोल्ट उभे करावेत आणि कपाट त्यांवर आवळावे.

पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील पातळ फरशी वर-खाली होते, कपाटाची चौकट तिरपी होते, दार अडकू लागते व बोल्ट सैल पडतात. म्हणून ठोकळ्याखाली मुरुमाचा थर द्यावा आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर बोल्ट तपासावेत.

कुलूप व किल्ली : कुलपाचे चार प्रकार प्रचलित आहेत. (१) लिव्हरचे कुलूप : दोन्ही बाजूंना दाते असलेल्या लांब किल्लीचे हे कुलूप टिकाऊ असून त्याला वीज लागत नाही. किल्ली कोणाच्या हाती पडते, हाच त्याचा कच्चा दुवा. (२) अंकजुळणीचे यांत्रिक कुलूप : यात किल्ली नसते. शंभर खुणांच्या तबकडीवर तीन अंक जुळवावयाचे असल्यास कागदोपत्री दहा लाख जुळण्या होतात. परंतु अंक भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवल्यास त्यांचा उपयोग उरत नाही. (३) बटणांचे इलेक्ट्रॉनिक कुलूप : हे त्वरित उघडते. चार अंकांच्या १०,००० जुळण्या होतात. जन्मसाल, गाडीचा क्रमांक असे अंक घरातील मुले लवकर ओळखतात. कडक उन्हाळ्यात विद्युत् घट गळू शकतात; ते दरवर्षी बदलावेत. (४) बोटाच्या ठशाचे कुलूप : याचे आकर्षण मोठे असले, तरी शेतकामाने झिजलेल्या, भेगाळलेल्या बोटांचा ठसा यंत्राला नीट ओळखता येत नाही. शिवाय अशा कुलपाला बहुधा पर्यायी किल्ली असते व खरी सुरक्षितता शेवटी तिच्यावरच येऊन ठेपते. ग्रामीण घरासाठी चांगले लिव्हरचे अथवा यांत्रिक अंकजुळणीचे कुलूप अधिक भरवशाचे होय.

किल्ली देव्हाऱ्यामागे, धान्याच्या कोठीत, फडताळात किंवा उशीखाली ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते. घरातील प्रत्येक मुलाला या जागा ठाऊक असतात. तिजोरीची किल्ली घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात नसावी. ती परवानाधारकाच्या अंगावर असावी किंवा अंकजुळणीच्या लहान पेटीत ठेवावी. दुसरी किल्ली बँकेतील लॉकरमध्ये ठेवणे इष्ट.

रात्री संकट आल्यास तिजोरी उघडायला वेळ लागेल, ही शंका संरक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्याला हमखास येते. पिस्तुलाची जखडलेली, बटणांची पेटी सरावाने काही सेकंदांत उघडता येते. याउलट, उशाशी ठेवलेले भरलेले शस्त्र संकटाच्या एका रात्रीसाठी म्हणून वर्षातील प्रत्येक दिवशी घरातील सर्वांच्या हाताशी राहते. ही तुलना शस्त्र घेण्यापूर्वीच करणे आवश्यक आहे.

काडतुसे व दारू : काडतुसे बंदुकीपासून वेगळ्या, स्वतंत्र कुलपाच्या पेटीत ठेवावीत व तिची किल्लीही वेगळी असावी. जपानमध्ये बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या कुलूपबंद कपाटांत ठेवण्याचे कायदेशीर बंधन आहे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंदूक कुलपात ठेवणे, ती रिकामी ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे व ती वेगळ्या जागी ठेवणे या चारही सवयींचा, मुलांच्या व किशोरवयीनांच्या हातून होणाऱ्या अपघातांपासून व आत्मघातापासून मिळणाऱ्या संरक्षणाशी संबंध आढळून आला.

ठासणीच्या बंदुकीबाबत विशेष दक्षता लागते. राखणीवरून परतल्यावर टोपी काढली की बंदूक रिकामी झाली, अशी समजूत आढळते. ती घातक आहे. नळीत दारू व छर्रे तसेच असतात व ठिणगी किंवा नवी टोपी मिळताच बार उडतो. नळीतील बार जाणकाराकडून काढून घेतल्याशिवाय अशी बंदूक घरात आणू नये. काळी दारू शोरा, कोळसा व गंधक यांची बनलेली असून ठिणगीने सहज पेटते. ती बंदुकीच्या तिजोरीत कधीही ठेवू नये, कारण बळकट व घट्ट बंद पोलादी पेटीत ती पेटल्यास वायूंना वाट मिळत नाही आणि पेटीच स्फोटकासारखी फुटते. परवान्यात मुभा असेल तेवढीच दारू चुलीपासून व दिव्यापासून दूर, हलक्या बांधणीच्या कुलूपबंद लाकडी पेटीत ठेवावी.

आग व ओलावा : वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवून ठेवण्याची या भागात रीत आहे. कापसाच्या गंजीला लागलेली आग झपाट्याने पसरते. म्हणून कापूस, कडबा किंवा इंधन असलेल्या खोलीत शस्त्राचे कपाट ठेवू नये. आगीत सापडलेली सुटी काडतुसे फुटतात व त्यांचे तुकडे उडतात. बंदुकीत भरलेले काडतूस मात्र नळीच्या दिशेने नेहमीच्या जोराने सुटते. शस्त्र रिकामे करून ठेवण्याचे हे आणखी एक कारण होय.

पावसाळ्यात बंद कपाटात दमटपणा कोंडून नळीवर गंज चढतो. कातडी किंवा कापडी म्यान ओल धरून ठेवते, म्हणून बंदूक म्यानातून काढून ठेवावी. नळी पुसून तिला हलका तेलाचा हात द्यावा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या ठराविक काळाने वाळवाव्यात. ठासणीच्या बंदुकीत दारूची राख ओलावा शोषून लोखंड खाते. तिची सफाई वापरानंतर त्याच दिवशी करणे आवश्यक असते.

कुटुंब व संकटकाळ : बंदूक दिसली तर हात न लावता मोठ्या माणसाला सांगावे, हे मुलांना शिकवावे, परंतु त्या शिकवणीवर विसंबून कुलूप उघडे ठेवू नये. विजयादशमीला शस्त्रपूजनासाठी बंदूक बाहेर काढताना ती रिकामी असल्याची खात्री करावी, पूजा संपेपर्यंत परवानाधारकाने तेथून हलू नये आणि नंतर ती लगेच कुलपात ठेवावी. लग्नात व मिरवणुकीत हर्षाने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांस पात्र असा अपराध आहे.

नापिकी, कर्ज, व्यसन, घरातील कलह किंवा दीर्घ आजार यांमुळे कुटुंबातील कोणी, विशेषतः स्वतः परवानाधारक, खचलेला असेल, तर तिजोरी पुरेशी ठरत नाही. कारण किल्ली त्याच्याच हाती असते. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या अनुभवाने हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. टोकाच्या निराशेची अवस्था पुष्कळदा अल्पकालीन असते आणि त्या काळात साधन हाताशी नसल्यास जीव वाचण्याचा संभव वाढतो. अशा वेळी परवानाधारकाशी आपुलकीने बोलून त्याच्या संमतीने शस्त्र काही काळ परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावे किंवा पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. निवडणुकीच्या काळातही शस्त्रे जमा करण्याचे आदेश दिले जातात व ती नंतर परत मिळतात. मानसिक आधारासाठी शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मर्यादा : कोणतीही तिजोरी अभेद्य नसते, ती केवळ वेळ मिळवून देते. चोराच्या बाबतीत हा वेळ शेजारी जागे होण्यापुरता, मुलाच्या बाबतीत मोठे माणूस येण्यापुरता आणि खचलेल्या माणसाच्या बाबतीत मनाची ती अवस्था ओसरण्यापुरता असतो. कपाट आधी बसवून मग शस्त्र घरी आणणे, हाच योग्य क्रम होय. ज्या घरात कपाटासाठी पक्की जागा नाही, किंवा किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे राहील अशी खात्री नाही, त्या घराने शस्त्र घेण्याचा विचार पुढे ढकलणे आणि पिकाच्या राखणीसाठी कुंपण, सामुदायिक जागल व वनखात्याकडून मिळणारी नुकसानभरपाई या मार्गांचा अवलंब करणे अधिक श्रेयस्कर ठरते.